काट्यावरची नावं: कामाची नोंदवही

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

आज पोळा. कालपासून पाऊस थांबलेला नाही. परभणी-हिंगोलीकडं नद्यांचं पाणी गावांत शिरल्याच्या बातम्या आहेत. तरी काम आजच हातात घेतलं, कारण सोयाबीन काट्यावर यायला पाच-सहा आठवडेच उरलेत.

काम औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं आहे. सहाशेच्या वर सभासद. काट्यावर वजन होतं, ओलावा बघतात, पावती फाडतात, मग हिशोबपट्टी. गेल्या हंगामात एका शेतकऱ्याच्या तीन गाड्यांच्या पावत्या संगणकात तीन वेगवेगळ्या माणसांच्या नावावर पडल्या आणि त्याचे पैसे दीड महिना अडकले. पोरीच्या फीची तारीख टळली होती त्याची. तो प्रोग्राम माझाच. बावीस वर्षं वेबचं काम करतेय, तरी ही गोष्ट माझ्या लक्षात यायला त्याला तीनदा लातूरला चक्कर मारावी लागली.

आडनाव बोऱ्हाडे. तिन्ही नोंदी पडद्यावर शेजारी ठेवल्या तर तसूभर फरक दिसत नाही. कंपनीचे मुनीमकाका म्हणाले होते, "ताई, नाव तर हायच की समोर, मग काय हुडकलालाव?" आज तीच तिन्ही आडनावं डेटाबेसमधून बाइटच्या रूपात, म्हणजे संगणक आत साठवतो त्या आकड्यांत, काढली. पहिलं २४ बाइट, दुसरं २७, तिसरंही २७, पण दुसऱ्यासारखं नाही.

कारण असं. बोऱ्हाडेमधला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, तीन वाटांनी लिहिता येतो. एक, थेट ऱ हे अक्षर (क्रमांक ०९३१) आणि हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता (खालचं टिंब) आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि मग शून्य रुंदीचा जोडक, जो डोळ्याला दिसतच नाही. कुठली वाट निघेल हे कळफलकावर ठरतं. काट्यावरचा संगणक, सचिवांचा फोन आणि माझा लॅपटॉप, तिघांच्या तीन वाटा. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक, म्हणजे स्वतःचा क्रमांक असलेला एकेक तुकडा, तीन बाइट घेतो, म्हणून आठ घटकांचे २४ आणि नऊ घटकांचे २७.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हे तपासणाऱ्यांसाठी: लेंग्थ बाइट मोजतं आणि कॅर-लेंग्थ घटक मोजतं. खरं काय साठवलंय ते हेक्स दाखवतं. नावाबद्दल शंका आली की डोळ्यांवर विसंबू नका, हेक्स काढा.

५ सप्टेंबर, गुरुवार

२०११ ते २०१६ ची सभासद यादी आली. कंपनी व्हायच्या आधी गावात बचत गट होता, त्याची ही एक्सेल. ती जुन्या, युनिकोडपूर्वीच्या टंकात (फाँटमध्ये) टाइप केलेली. त्या टंकाशिवाय उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. कुणीतरी सुचवलं की नव्यानं टाइप करून घ्या. पण सहाशे नावं पुन्हा टाइप करणं म्हणजे सहाशे नव्या चुकांना वाव, म्हणून परिवर्तक लिहायला घेतला.

जुना टंक अक्षर कसं दिसतं तेवढंच साठवतो, उच्चाराचा क्रम त्याला ठाऊक नसतो. "किल्लारी" लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. युनिकोडला आधी क हवा, मग वेलांटी. तिथला ग म्हणजे अर्धा ग आणि काना असे दोन तुकडे. रफार त्याच्या व्यंजनानंतर बसतो, तर युनिकोडमध्ये तो त्या व्यंजनाच्या आधीचा र् असतो.

म्हणून दोन टप्पे केले. पहिल्यात तुकड्यांची अदलाबदल. इथं पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं स्ट्र-रिप्लेस वापरू नका. ते एकेक जोडी क्रमानं बदलत जातं आणि आधी बदललेल्या मजकुरावर पुन्हा हात मारतं. स्ट्र-टीआरला पूर्ण कोष्टक दिलं की ते सगळ्यांत लांब तुकडा आधी धरतं आणि बदललेल्याकडं परत वळत नाही. अर्धा ग अधिक काना हे एकत्र "ग" व्हायला हेच हवं.

दुसऱ्या टप्प्यात क्रम. ऱ्हस्व वेलांटी दिसली की पुढचा सगळा व्यंजनगट ओलांडून ती पलीकडं ठेवायची. नुसतं एक व्यंजन ओलांडलं की "स्थिती" बिघडते, कारण तिथं स् आणि थ दोन्ही ओलांडायचेत. रफाराचं उलट. तो मागं येतो, मध्ये मात्रा असेल तर तिच्याही मागं, आणि व्यंजनगटाच्या तोंडाशी र् होऊन बसतो. "मार्तंड" आणि "धार्मिक" हे दोन शब्द नीट निघाले की समजायचं गाडी रुळावर आहे. आज रात्री दोन्ही निघाले.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उरलेल्या एका तक्त्यात वेगळाच घोळ. दर अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए, त्याच्यामागं कधी चलनाची खूण, कधी जपानी येनची खूण, आणि मग आणखी काहीतरी. हे पाहून घाबरायचं कारण नाही. मजकूर शाबूत आहे, फक्त कुणीतरी यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन-१, म्हणजे युरोपीय भाषांसाठीची जुनी पद्धत, समजून वाचलेत. देवनागरीच्या प्रत्येक घटकाचा पहिला बाइट एकच असतो, तोच तो ए. दुसरा बाइट दोनच प्रकारचा. व्यंजनं, स्वर, काना, ऱ्हस्व वेलांटी यांना चलनाची खूण. दीर्घ वेलांटी, उकार, एक मात्रा, हलन्त यांना येन. दहा मिनिटं बघितलं की नावं तशीच वाचता येतात. तक्त्याची प्रत काढली, स्तंभ आधी बायनरी केला, मग यूटीएफ-८-एमबी-४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) केला. थेट रूपांतर केलं असतं तर घोळ कायमचा गोंदला गेला असता.

१० सप्टेंबर, मंगळवार

महालक्ष्म्या बसल्या. गुरुवारपर्यंत काम बंद.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आजचा दिवस या सगळ्या कामाचा कणा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ठरवलं ते हे: माणसानं जसं नाव सांगितलं आणि लिहिलं, ते तसंच राहील. त्याला हात लावायचा नाही. शेजारी दुसरा स्तंभ, त्याला "शोधरूप" म्हणते. ते आपल्या वापराचं, त्यात हवी तेवढी कापाकापी करा, पण छापायचं नाही आणि कुणाला दाखवायचं नाही. नाव जतन होताना शोधरूप तयार होतं, शोधताना टाइप केलेल्या अक्षरांचंही तसंच तयार होतं आणि तुलना फक्त शोधरूपांची, बाइटला बाइट.

पायऱ्या. आधी युनिकोडचं प्रमाणीकरण, एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एका ठरलेल्या रूपात आणणं. यानं र अधिक नुक्ता मिळून ऱ होतो, म्हणजे बोऱ्हाड्यांच्या तीनपैकी दोन नोंदी एक झाल्या. तिसरी होत नाही. एनएफसी अदृश्य जोडकाला हात लावत नाही, आणि मी मागच्या वर्षी इथंच फसले होते: "प्रमाणीकरण केलंय" म्हणून निर्धास्त. र, हलन्त, जोडक हा तिघांचा गट दिसला की ऱ आणि हलन्त ठेवायचं, हा नियम आपणच लिहायचा. त्यानंतर उरलेले सगळे जोडक आणि विजोडक (अक्षरं जुळू न देणारी तशीच अदृश्य खूण) काढून टाकायचे. क्रम उलटा केला आणि जोडक आधी काढले, तर अर्ध्या र चा रफार होतो आणि नावाचा चेहराच बदलतो.

ॲ चंही पाहावं लागलं. "ॲड." मधला ॲ हे एक अक्षर आहे, पण जुन्या कळफलकांतून अ आणि वरचा चंद्र असे दोन घटक येतात. दिसायला एकच, आणि एनएफसी त्यांना एक मानत नाही. तोही नियम हातानंच.

पुढचं फक्त शोधरूपासाठी. दीर्घ वेलांटी ऱ्हस्व, दीर्घ उकार ऱ्हस्व. ष चा श, कारण आमच्याकडं घरटी एक शेषेराव असतो आणि अर्धे शेशेराव म्हणून लिहिलेले. परसवर्णाचा अनुस्वार, म्हणजे पाण्डुरङ्ग आणि पांडुरंग एकच. ऱ चा साधा र. जोड य चा एक य.

किती कापायचं हा मात्र गावाचा प्रश्न आहे, प्रोग्रामरचा नाही. मी ळ चा ल पण करणार होते. मुनीमकाकांनी थांबवलं. काळे वेगळे, काले वेगळे, दोन्ही घरं याच यादीत, आणि त्यांची शेतं एकमेकांपासून दोन कोसांवर. ण आणि न सुद्धा मग सोडले. शोधरूप फार सैल झालं की माणूस सापडतो खरा, पण दुसराच.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडावंदन करून कंपनीच्या खोलीत गेले. शोधरूप जुळणाऱ्या ४१ जोड्यांची यादी छापून नेली होती. प्रोग्रामला त्या आपोआप एक करू दिल्या नाहीत. बाप आणि चुलता एकाच नावाचे असतात, आजोबाचं नाव नातवाला असतं.

मुनीमकाका, सचिव आणि मी दुपारपर्यंत बसलो. सय्यद हे आडनाव यादीत सहा तऱ्हांनी लिहिलेलं निघालं: सय्यद, सैय्यद, सैयद, सय्यीद, सयद, सैद. इथल्या कागदांत ही नावं १९४८ च्या आधीपासून उर्दूत लिहिली जायची, मराठीत आणताना ज्यानं त्यानं कानाला लागलं तसं उतरवलं. यातलं कुठलंही चूक म्हणायचा मला हक्क नाही. आधार कार्डावर जसं आहे, तसं ते ठेवलं, आणि बाकीची रूपं "दुसरी नावं" या वेगळ्या तक्त्यात. शोध दोन्हीकडं लागतो.

४१ पैकी २९ जोड्या एकाच माणसाच्या, पाच नक्की वेगळ्या. सात राहिल्या.

२४ सप्टेंबर, मंगळवार

काट्यावर बसणाऱ्या ताईंना चाचणीला दिलं. त्यांनी वजन देवनागरी आकड्यांत टाकलं, १७३५ किलो. जतन झालं शून्य. पीएचपीत "१७३५" या देवनागरी मजकुराचा पूर्णांक केला की तक्रार न करता शून्य येतं, जावास्क्रिप्ट निदान "ही संख्या नाही" असं तरी म्हणतं. दहा आकड्यांचं कोष्टक करून, जिथं कुठं संख्या आत येते तिथं आधी त्यातून काढायची. आणि रूपांतर झाल्यावर शून्य आलं तर जतनच करायचं नाही. शून्य किलोची गाडी काट्यावर येत नसते.

त्याच बैठकीत पैशांचंही उरकलं. दशांश अपूर्णांकात हिशोब करायचा नाही. वजन किलोत, भाव क्विंटलला किती पैसे, दोन्ही पूर्णांक. यंदाचा हमीभाव ४,८९२ रुपये, म्हणजे ४,८९,२०० पैसे. १७३५ नं गुणून शंभरनं भागले की ८४,८७,६२० पैसे, म्हणजे ८४,८७६ रुपये २० पैसे. भागाकार सगळ्यांत शेवटी, एकदाच.

३० सप्टेंबर, सोमवार

गावांचा तक्ता. बुद्रुक लोक तीन तऱ्हांनी लिहितात: बुद्रुक, बु. आणि दोन दंड देऊन बु॥. खुर्दचंही तेच. ते तर शोधरूपात सांभाळलं.

अवघड निघाली ती किल्लारीच्या बाजूची गावं. १९९३ साली आजच्याच तारखेला, विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे तीन छप्पन्नला जमीन हलली. त्यानंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घर नव्या गावठाणात, शेत जुन्या शिवारात. मी एकच "गाव" असा रकाना ठेवला होता. कुणी राहतं गाव टाकलं, कुणी सातबाऱ्यावरचं. सचिवांनी आज शांतपणे सांगितलं, "आमच्याकडं गाव विचारलं तर कोणतं, असं परत विचारावं लागतं." त्यांचं घर तिकडचंच आहे. आज संध्याकाळी त्यांना लवकर जायचं होतं.

रकाने दोन केले: राहतं गाव आणि जमिनीचं गाव. दुसऱ्याला गट नंबर जोडलेला. ज्या सात जोड्या उरल्या होत्या, त्यातल्या चार यानंच सुटल्या.

९ ऑक्टोबर, बुधवार

काट्यावर नेटवर्क येतं-जातं. ताई "जतन" दाबतात, काही होत नाही, पुन्हा दाबतात. गेल्या वर्षी यानं एका गाडीच्या दोन पावत्या झाल्या होत्या.

बटण एकदा दाबल्यावर बंद करणं हा उपाय नाही. विनंती सर्व्हरपर्यंत पोचून उत्तर वाटेत हरवलं, तर पान ताजं करून माणूस पुन्हा भरणारच. म्हणून प्रत्येक नोंदीला ब्राउझरातच एक यादृच्छिक ओळखक्रमांक द्यायचा. तो पावतीचा अर्ज उघडताक्षणी द्यायचा, बटण दाबल्यावर नाही. बटणावर दिला तर दोनदा दाबलं की दोन क्रमांक, आणि सगळी मेहनत वाया. अर्ध्या भरलेल्या अर्जासकट तो ब्राउझरच्या साठ्यात ठेवला, म्हणजे पान ताजं केलं तरी तोच राहतो. हा क्रमांक बनवणारी ब्राउझरची सोय एचटीटीपीएसवरच, म्हणजे सुरक्षित जोडणीवरच, चालते. ऑफिसातल्या आतल्या पत्त्यावर साध्या एचटीटीपीनं तपासत होते तेव्हा ती सापडतच नव्हती, त्यात एक तास गेला.

सर्व्हरवर त्या क्रमांकाच्या स्तंभाला अनन्यतेची अट, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेतला जात नाही. "आधी बघा आहे का, नसेल तर घाला" असं लिहू नका. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींना "नाही" दिसतं आणि दोन्ही आत जातात. थेट घाला, अट मोडली म्हणून डेटाबेसनं नाकारलं तर आधीच्याच नोंदीचा पावती क्रमांक परत द्या. ताईंना दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं पाहिजे.

नेट नसेल तेव्हा नोंद ब्राउझरमध्येच रांगेत थांबते आणि शेतकऱ्याला कच्ची पावती मिळते. पक्का क्रमांक सर्व्हरच देतो. काट्यावरचं वायफाय बंद करून, मोबाइलचा डेटा काढून, दहा नोंदी करून बघितल्या. नेट आल्यावर दहाच गेल्या.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पावती. काट्यावरचा छोटा थर्मल छापखाना ५८ मिलिमीटरचा, आडवे ३८४ ठिपके. त्याला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, म्हणून पावती ब्राउझरात चित्र म्हणून काढून पाठवते. पहिल्या छाप्यात ल आणि श हिंदी वळणाचे आले. पानाच्या मुळाशी भाषा मराठी आहे हे सांगायचं राहिलं होतं. टंकात मराठी वळणं असतील तर तेवढी एक खूण पुरते. मुनीमकाकांनी पावती डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "हां, आता आपला ल झाला."

संदेश. शेतकऱ्याला जाणारा मराठी एसएमएस ७० घटकांचा, इंग्रजीसारखा १६० चा नाही. ७० ओलांडले की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा ६७ चा. "क्विंटल" डोळ्यांना तीन अक्षरं, मोजणीत सात. सचिवांनी लिहिलेला नमस्कारापासूनचा मजकूर दोन तुकड्यांत जात होता. आता: "सोयाबीन १७.३५ क्विंटल जमा. पावती ४१२." एवढंच, ३७ घटक. उरलेल्या जागेत कंपनीचं नाव. साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून शब्द घाईत ठरवले नाहीत.

२६ ऑक्टोबर, शनिवार

काट्यावर गाड्या सुरू. दिवसभर तिथंच उभी होते. बोऱ्हाडे दुपारी आले, ट्रॅक्टरनं. ताईंनी "बोर" एवढंच टाइप केलं, यादीत एकच नाव आलं, त्यांचं. गेल्या वर्षीच्या तिन्ही गाड्या त्याच्याखाली. त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग बारदान्याची मोजणी करायला गेले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

केंद्र सरकारनं हमीभाव खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. सकाळी फोन आला, "ताई, मशिन १४ ला नाही म्हणतंय." १२ हा आकडा मी कोडमध्ये लिहिला नव्हता, नियमांच्या तक्त्यात होता, "कधीपासून लागू" या तारखेसकट. नवी ओळ घातली, जुनी तशीच ठेवली. ऑक्टोबरात नाकारलेल्या गाडीची नोंद उघडली तर त्या दिवशीचा नियम १२ चाच दिसतो, आणि तो तसाच दिसला पाहिजे. उद्या कुणी विचारलं की माझी गाडी का परत पाठवली, तर त्याला खरं उत्तर देता यावं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

उरलेल्या तीन जोड्यांपैकी एक आज सुटली. दोन सख्ख्या जावा निघाल्या, दोघींचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं एकच, नवऱ्याच्या नावाच्या जागी दोघींनी सासऱ्याचं नाव लावलेलं. त्यांना एक केलं असतं तर एकीचे पैसे दुसरीच्या खात्यात गेले असते. दोघींच्या नोंदींवर "वेगळ्या आहेत, पुन्हा विचारू नये" अशी खूण केली, सोबत कुणी आणि कधी ठरवलं तेही.

दोन जोड्या राहिल्यात. एकातले आजोबा पुण्याला लेकाकडं आहेत, ते माघवारीच्या आधी गावी येतात असं मुनीमकाका सांगतात. तोवर दोन्ही नोंदी तशाच ठेवते.